आर्ट्स-कॉमर्सवाल्यांसाठी गणित: कुठून सुरू करायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं

दहावीनंतर गणित सुटलं म्हणून ज्यांनी पेढे वाटले त्यांच्यासाठी हे लिहितोय. बीए, बीकॉम, लॉ, जर्नालिझम, सोशल वर्क, म्युझिक, काहीही करत असाल तरी चालेल. साइन-कॉस, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स यातलं तुम्हाला इथे काही लागणार नाही, ती भीती आधी बाजूला ठेवा. लागतं ते बहुतेक पाचवी ते आठवीतलंच, भागाकार, टक्के, सरासरी, थोडं व्याज, आणि एक सवय. सवय अशी की कुठलाही आकडा समोर आला की विचारायचं, हा कशाने भागलाय, छेदात काय आहे? वरचा आकडा सगळेच सांगतात कारण तो दाखवण्यासारखा असतो, खालचा मात्र बऱ्याचदा कुणी सांगत नाही आणि गोम नेमकी तिथंच असते.

सामान म्हणाल तर मोबाईलचा कॅल्क्युलेटर आणि गुगल शीट्स, दोन्ही फुकट.

स्टेप १: टक्के म्हटलं की "कशाचे?" विचारा

कांदा २० रुपयांवरून ३० वर गेला तर भाव ५० टक्के वाढला. मग ३० वरून परत २० वर आला तर किती टक्के उतरला? ५० नाही, ३३. फरक १० रुपयांचाच आहे पण पहिल्यांदा तो २० ने भागला आणि दुसऱ्यांदा ३० ने. ५० टक्के वाढून मग खरोखर ५० टक्के पडला असता तर भाव १५ वर आला असता, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात सुरुवातीपेक्षाही कमी. बातमी लिहिणाऱ्यांनी तरी हे डोक्यात फिट करून ठेवावं.

हाच हिशोब बिस्किटाच्या पुड्याला लावा. १० रुपयांचा पुडा १०० ग्रॅमचा होता तो ८० ग्रॅमचा केला, किंमत तीच. वजन २० टक्के कमी झालं म्हणून महागाई २० टक्के वाटते, पण आधी १० पैशाला एक ग्रॅम होता आता साडेबारा पैशाला, म्हणजे २५ टक्के महाग.

सेलमधलं "५० टक्के प्लस २० टक्के" म्हणजे ७० नाही. हजाराचा शर्ट आधी ५०० चा होतो, मग त्या ५०० वर २० टक्के म्हणजे ४००, एकूण सूट ६० टक्के. दोनवर एक फ्री म्हणजे तीन वस्तू दोनच्या पैशात, ३३ टक्के सूट, आणि तीही तुम्हाला तीन हव्या असतील तर.

जीएसटी उलटा काढताना कॉमर्सची मुलंसुद्धा घसरतात हं. बिल ११८० चं आहे, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, मूळ किंमत काय? ११८० तून १८ टक्के वजा केले तर ९६७ रुपये ६० पैसे येतात आणि ते चूक आहे, कारण १८ टक्के मूळ किमतीवर लागलेत, बिलावर नाही. ११८० ला १.१८ ने भागा, १००० येतील. हॉटेलचं बिल ५ टक्क्यांनी ५२५ आलं असेल तर १.०५ ने भागा, ५०० येतील.

अजून एक, दोन टक्क्यांमधला फरक आणि त्या फरकाची टक्केवारी या वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो रेट (ती ज्या दरानं बँकांना पैसे उसने देते तो) ६.५० वरून ६.२५ केला. तो पाव टक्का कमी झाला असं म्हणायचं, बँकवाले २५ बेसिस पॉइंट म्हणतात. पण ६.५० चा भाग म्हणून बघाल तर ती जवळपास ३.८ टक्के घट आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कुठला वापरलाय ते सांगितलं पाहिजे, आणि ज्याला घट मोठी दाखवायचीय तो दुसराच वापरणार हे धरून चाला.

स्टेप २: हप्ता, इथे मात्र वेळ द्या

बाकीचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा, कारण पहिली नोकरी लागली की सहा महिन्यांत कुणीतरी बाईकचं नाहीतर मोबाईलचं लोन घेऊन समोर उभं राहतंच.

समजा १ लाख रुपये, ३ वर्षं, १२ टक्के. एक माणूस म्हणतो १२ टक्के फ्लॅट. म्हणजे वर्षाला १२ हजार, ३ वर्षांचं ३६ हजार, एकूण १ लाख ३६ हजार भागिले ३६ महिने, हप्ता ३,७७८ रुपये. दुसरा म्हणतो १२ टक्के रिड्युसिंग, म्हणजे जेवढं मुद्दल शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज. तिथे हप्ता येतो ३,३२१ रुपये आणि ३ वर्षांचं एकूण व्याज साधारण १९,५७० रुपये. दर दोघांनी १२ च सांगितला आणि व्याज मात्र जवळजवळ दुप्पट!

का? तर फ्लॅटमध्ये शेवटच्या वर्षी तुमच्याकडे तीसएक हजारच उरलेले असतात तरी व्याज पूर्ण लाखावर चालू असतं. फ्लॅट १२ टक्के हा खरा दर म्हणून काढला तर २१ टक्क्यांच्या थोडा वर जातो. घाईत अंदाज हवा असेल तर ३ वर्षांच्या आसपासच्या कर्जाला फ्लॅटचा दर पावणेदोननं गुणा, फार चुकणार नाही.

आता शीट्स उघडा आणि कुठल्याही रिकाम्या चौकोनात बरोबरचं चिन्ह टाकून पीएमटी लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. कंसात तीन गोष्टी द्यायच्या, महिन्याचा दर (१२ टक्के असेल तर ०.०१), हप्त्यांची संख्या (३६) आणि रक्कम (१०००००). उत्तर मायनसमध्ये येतं, गोंधळू नका, खिशातून जाणारे पैसे ते मायनसमध्ये दाखवतं. उलटं करायचं असेल, म्हणजे हप्ता माहितीय आणि खरा दर काढायचाय, तर रेट नावाचं फंक्शन आहे. त्यात आधी हप्त्यांची संख्या, मग मायनस लावून हप्ता, मग रक्कम. जे उत्तर येईल त्याला १२ ने गुणा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं आणि समोरच्या सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं लोन असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या रिटेल कर्जांना ते देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय, आणि त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो ज्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा एकूण खर्च दिलेला असतो. दोन लोन कम्पेअर करताना तेवढाच आकडा बघा, बाकी ब्रोशर राहू द्या.

गावाकडे "तीन टक्क्यानं पैसे काढले" असं म्हणतात तेव्हा तो दर महिन्याचा असतो, वर्षाचा नाही, हे शहरात वाढलेल्या मुलांना बऱ्याचदा माहीत नसतं. शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६, आणि व्याज थकून मुद्दलात चढत गेलं तर १.०३ चा बारावा घात, म्हणजे साधारण ४२.६ टक्के. क्रेडिट कार्डावर नुसता मिनिमम ड्यू भरत राहिलात तर तुम्ही याच जातीच्या व्याजात असता, फक्त समोर सावकाराऐवजी ॲप असतं.

बचतीसाठी ७२ चा नियम पुरेसा आहे. ७२ ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं येतात. ८ टक्क्यांनी ९ वर्षं, ६ टक्क्यांनी १२. महागाईलाही हेच लावा, ६ टक्के महागाई राहिली तर १२ वर्षांत वस्तू दुप्पट भावाला. कुणी ३ वर्षांत दुप्पट म्हणाला तर तो वर्षाला २४ टक्के कबूल करतोय, मग तो स्वतः बँकेतून स्वस्तात पैसे का उचलत नाही एवढं एकच विचारा.

स्टेप ३: सरासरी ऐकली की मधला आकडा मागा

दहा जण आहेत, नऊ जणांना महिना २० हजार आणि एकाला ५ लाख. सरासरी पगार ६८ हजार. त्या दहांत ६८ हजारांच्या जवळपासही कुणी नाही. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीनं उभं करून मधल्याचा पगार विचारा, २० हजार. यालाच मध्यक म्हणतात, इंग्रजी पुस्तकात मीडियन.

कॉलेजच्या प्लेसमेंटच्या जाहिराती याच चष्म्यातून वाचा. "सरासरी पॅकेज" लिहिलं असेल तर मीडियन किती ते विचारा, आणि "९५ टक्के प्लेसमेंट" असेल तर कशाच्या ९५ टक्के? पूर्ण बॅचच्या, का प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेल्यांच्या? २०० ची बॅच, त्यातल्या ८० जणांनी नाव नोंदवलं, ७६ लागले, झाले ९५ टक्के. बॅचच्या हिशोबानं ते ३८ टक्के आहेत. यात खोटं कुणीच बोललेलं नाही.

स्टेप ४: पॉलिटिकल सायन्सवाल्यांनी निवडणूक स्वतः मोजून बघावी

यात गणित सोपंय आणि मजा भरपूर आहे. २०१४ च्या लोकसभेत भाजपला साधारण ३१ टक्के मतं आणि ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या, म्हणजे जवळपास ५२ टक्के जागा. १९८४ मध्ये काँग्रेसला ४९ टक्क्यांच्या आसपास मतं आणि तेव्हा मतदान झालेल्या ५१४ पैकी ४०४ जागा, म्हणजे ७८ टक्क्यांहून जास्त. पक्ष कुठला आवडतो ते बाजूला ठेवा, पद्धतच अशी आहे की मतं आणि जागा एकाच प्रमाणात वाढत नाहीत. शिवाय ३१ टक्के कशाचे? झालेल्या मतदानाचे. मतदान ६६ टक्क्यांच्या थोडं वर होतं, म्हणजे मतदार यादीतल्या दर १०० माणसांमागे साधारण २१. "देशातल्या इतक्या लोकांनी आम्हाला निवडलं" हे वाक्य कुणीही म्हणालं, कुठल्याही वर्षी, की हा गुणाकार करायचा.

राष्ट्रपती निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ असतं ते कुठून येतं? १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, तिला २८८ आमदारांनी भागा, मग १००० ने भागा, १७५.०४ येतात, पॉइंटनंतरचं सोडा. गोव्याचं करून बघा, ७,९५,१२० भागिले ४०, भागिले १०००, येतात १९.८८, आणि अर्ध्यापेक्षा जास्त उरलं तर वरचा आकडा धरतात म्हणून २०. उत्तर प्रदेशचं २०८ येतं. लोकसंख्या १९७१ चीच का धरतात हा प्रश्न पडला ना, तो तुमच्या सेमिनारचा विषय आहे.

राज्यसभेला "४२ चा कोटा" असं टीव्हीवर ऐकता तो असा. ६ जागा असतील तर २८८ ला ६ ने नाही, ६ अधिक १ म्हणजे ७ ने भागायचं, ४१.१४ येतात, म्हणून पूर्ण मतांत ४२. सातनं का, तर ४२ मतं मिळवणारे सात जण होऊच शकत नाहीत, सात गुणिले ४२ म्हणजे २९४, तेवढे आमदारच नाहीत. सहा मात्र होऊ शकतात. प्रत्यक्ष मोजणीत एका मताचे १०० धरतात, म्हणून २८,८०० भागिले ७, येतात ४,११४, त्यात १ मिळवून ४,११५, आणि कोट्याच्या वर गेलेली मतं दुसऱ्या पसंतीला सरकतात. सगळी खेळी या सरकण्यात असते. कुणी गैरहजर राहिला किंवा मत बाद झालं की २८८ चा आकडा खाली येतो आणि कोटाही बदलतो, त्यामुळे मोजणीच्या रात्री एकेका मतावर एवढी भांडणं का होतात ते हे गणित मांडल्यावरच कळतं.

स्टेप ५: प्रोजेक्टचा सर्व्हे

सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, जर्नालिझम, सगळ्यांना हा करावा लागतो आणि बहुतेक जण गुगल फॉर्म बनवून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. किती माणसं घ्यायची याचा ढोबळ नियम असा की १ भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. १०० माणसं घेतली तर १ भागिले १०, म्हणजे उत्तर १० टक्के इकडेतिकडे. ४०० ला ५ टक्के, २५०० ला २ टक्के. म्हणजे चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. १०० जणांत ५२ विरुद्ध ४८ आलं आणि तुम्ही "बहुसंख्य तरुणांचं मत" असं हेडिंग दिलंत तर व्हायवामध्ये तोंड पडणार.

पण हा नियम फक्त चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असतील तरच चालतो, ग्रुपवर फॉर्म टाकून नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज काढायला साधारण १ कोटी लोकांना कार्डं पाठवली, २० लाखांहून जास्त परत आली, त्यावरून रूझवेल्टच्या विरोधात उभा असलेला लँडन जिंकणार म्हणाले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. नावं काढली होती ती टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींतून, ती मंदीची वर्षं होती आणि फोन-मोटार असलेला माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी. त्यात ज्यांना राग होता त्यांनीच आवर्जून उत्तरं पाठवली. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपनं त्याच्या तुलनेत मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट बरोबर सांगितला. तेव्हा ४० माणसं नीट निवडा आणि रिपोर्टमध्ये कशी निवडली ते प्रामाणिकपणे लिहा, ४०० फॉर्मपेक्षा ते बरं.

स्टेप ६: आपापल्या विषयात शिरा

लॉवाल्यांनी इंग्लंडमधली सॅली क्लार्कची केस वाचावी. तिची दोन बाळं एकामागोमाग गेली, १९९९ मध्ये खुनासाठी तिला जन्मठेप झाली. कोर्टात तज्ज्ञ डॉक्टरनं सांगितलं की तिच्यासारख्या घरात बाळ अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये १, मग दोन जाण्याची त्या आकड्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. हा गुणाकार नाण्याच्या दोन फेकींना चालतो, एकाच घरातल्या दोन भावांना नाही, कारण आनुवंशिक कारण असेल तर दुसऱ्याची शक्यता पहिल्यामुळेच वाढलेली असते. आणि दुसरी, जास्त मोठी गफलत, ऐकणाऱ्यांनी तो आकडा "ती निर्दोष असण्याची शक्यता" असा घेतला. एका आईनं दोन बाळं मारणं हेही फार दुर्मिळ असतं, तुलना या दोन दुर्मिळ गोष्टींत व्हायला हवी होती. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं जाहीरपणे हरकत घेतली. २००३ मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली, तेव्हा मुख्य कारण होतं वैद्यकीय पुरावा दडवला गेल्याचं, पण हा आकडाही ज्युरीसमोर जायला नको होता असं कोर्टाचं मत पडलं. २००७ मध्ये ती वारली.

मराठी साहित्यवाल्यांना तर घरातच गणित आहे. अक्षर लघू किंवा गुरू, दोनच पर्याय, तीन अक्षरांचा गण, म्हणून दोनचा घन, आठ गण, यमाताराजभानसलगा मधून ते आठही निघतात. आता मात्रा घ्या, लघूची १ आणि गुरूच्या २. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. शेवटचं अक्षर लघू असेल तर आधीच्या चार मात्रांचे प्रकार, गुरू असेल तर तीन मात्रांचे, म्हणून ५ अधिक ३. असंच पुढे १३, २१, ३४. ही फिबोनाचीची म्हणून शिकवतात ती मालिका हेमचंद्राचार्यांनी छंदाच्या हिशोबातून बाराव्या शतकात मांडली होती, फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. आठ मात्रांचे ३४ प्रकार वहीवर लिहून काढा, एक संध्याकाळ छान जाते.

तबला-कथ्थकवाल्यांना तिहाई. बोल तीनदा, मध्ये दोन वेळा दम (थोडं थांबणं), शेवटचा ठोका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तीनतालात समेवरून उचलून पुढच्या समेवर यायचं तर १७ मात्रा भरायच्या (सोळा आणि पुढची सम). ५ मात्रांचा बोल आणि १ मात्रेचा दम, १५ अधिक २, बसलं. दम नको, बेदम हवी तर १५ मात्रा होतात, मग तिसऱ्या मात्रेवरून उचला. झपताल, रूपकला हेच मांडून बघा, गुरुजींनी पाठ करून घेतलेल्या तिहाया एकदम वेगळ्या दिसायला लागतात.

इतिहासवाल्यांनी सनांची बेरीज पक्की करावी. शकात ७८ मिळवले की इसवी सन, राज्याभिषेक शके १५९६, म्हणजे १६७४. पण शक चैत्रात बदलतो, म्हणून जानेवारी ते गुढीपाडवा या काळातल्या तारखेला ७९. शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया (शिवजन्माची तिथी) हे त्यामुळे १६२९ नाही, १६३० होतं. मोडी कागदांत शुहूर सन भेटतो, तो मृगाला सुरू होतो, त्यात वर्षाच्या पहिल्या भागाला ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवायचे. पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही शुहूर ११६१ मध्ये येते. हिजरीला मात्र नुसती बेरीज चालत नाही, ते वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून आधी ०.९७ ने गुणा आणि मग ६२२ मिळवा. पानिपतचं ११७४ टाकून बघा, १७६०.८ येतं. वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतं, पक्की तारीख हवी तर जंत्रीच उघडायची.

सराव कुठून करायचा तर बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट पीडीएफमध्ये आहेत. आठवीचं गणित उतरवा, त्यातली सूट-कमिशन, चक्रवाढ व्याज आणि सांख्यिकी एवढी तीनच प्रकरणं करा, मग दहावीच्या बीजगणितातलं अर्थनियोजन (जीएसटी आणि शेअर्स तिथे आहेत) आणि संभाव्यता. भूमितीला हात लावू नका, वर्गसमीकरणंही सोडा. इंटिरिअर किंवा फॅशनवाले असाल तर तेवढं क्षेत्रफळाचं प्रकरण वाढवा.